वेलचेरीच्या गच्चीवरचं पिंप

वेलचेरी

चेन्नईला गेलो तो मुलीचा संसार पाहायला. लग्नानंतर ती दोघं कोल्हापूरला येऊन गेली होती, पण तिच्या घरी आमचं जाणं राहूनच गेलं होतं. सौ.ला शाळेच्या परीक्षांमुळे रजा मिळेना, म्हणून मी एकटाच निघालो. गाडीतल्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

प्राजक्ताचं घर वेलचेरीत, दुसऱ्या मजल्यावर. जावई श्रीधर सिरुसेरीच्या एका कंपनीत आहे; तो सकाळी बाहेर पडतो आणि अंधार पडल्यावर परततो. इमारतीत शिरताना लिफ्टशेजारच्या भिंतीवर मला एक निळी रेघ दिसली. रंगाऱ्याची चूक असावी असं वाटलं. प्राजक्ता म्हणाली, "पूर आला होता ना बाबा, पाणी तिथवर होतं." मी रेघेजवळ जाऊन उभा राहिलो. माझी उंची पाच फूट सहा इंच. रेघ माझ्या खांद्याला लागत होती.

"मग गाड्या?" मी विचारलं.

"पावसाचा इशारा आला की सगळे आपापल्या गाड्या उड्डाणपुलावर नेऊन लावतात."

"आणि माणसं?"

"माणसं वरच असतात. चला, सगळे वाट बघतायत."

तिथे राहिलो तोवर लिफ्टमध्ये जाताना मी त्या रेघेकडे पाहत असे. तिथल्या कोणाचंच तिच्याकडे लक्ष जात नाही. आपल्याकडे पंचगंगेची पातळी किती फुटांवर गेली की कोणत्या गल्लीत पाणी येतं हे शाळेतली मुलंसुद्धा सांगतात. इथे मी चौघांना विचारलं, एकालाही आकडा सांगता आला नाही.

घरात माझे व्याही राघवेंद्रराव आणि विहीणबाई असतात. राव रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले आहेत. त्यांचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी तंजावरला गेले आणि तिथलेच झाले. घरात अजून मराठी बोलतात, पण ती मराठी आपल्या कानाला जुन्या कागदासारखी वाटते, आणि तिचा हेल पूर्ण तमिळ. दारातच ते म्हणाले, "या संबंधी, बैसा. प्रवासांत कष्ट झाले का?" संबंधी म्हणजे व्याही. ते मला नावानं कधीच हाक मारत नाहीत.

जेवायला केळीच्या पानावर डांगर होतं. आपल्याकडे डांगर म्हणजे उडदाच्या पिठाचा घट्ट, तिखट गोळा. त्यांच्याकडे तेच पीठ दह्यात सैल कालवून वर मोहरीची फोडणी देतात आणि भाताबरोबर वाढतात. मला ते आपल्यापेक्षा बरं वाटलं आणि मी तसं सांगितलंही. पण खरी पंचाईत पानावर बसताना झाली. मुलीच्या बापानं आधी बसायचं नाही, व्याह्यांना आग्रह करायचा, ही आमची रीत. राव मला आधी बसवायला निघाले. मी उभा, ते उभे, आणि भात निवतोय. शेवटी विहीणबाई म्हणाल्या, "दोघे एकदम बैसा, नाहीतर मीच आधी जेवतें." तेव्हा कुठे आम्ही बसलो. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या तोंडाला कुलूप का लागलं होतं ते यावरून कळेल.

मोट्टै माडी

मोट्टै माडी म्हणजे गच्ची. राव आणि इमारतीतली आणखी काही मंडळी गच्चीवर जमून टाकाऊ सामानाची वाद्यं करतात आणि वाजवतात. प्राजक्ताही त्यात आहे. तिनं फोनवर अनेकदा सांगितलं होतं. मला वाटायचं, डबे बडवत असतील.

तसं नव्हतं. गच्चीच्या कठड्याला पाण्याचे जुने पीव्हीसी पाइप उतरत्या उंचीनं बांधले होते. त्यांच्या तोंडावर रबरी चपलेनं थापटलं की प्रत्येकाचा वेगळा सूर निघतो, तोही चांगला घुमणारा. रंगाच्या डब्यांवर जुने एक्स-रे ताणून बसवले होते. एका डब्यावर कोणाच्या तरी बरगड्या स्पष्ट दिसत होत्या आणि प्राजक्ता त्यांच्यावर बोटांनी ठेका धरत होती. सोड्याच्या बाटल्यांची बुचं तारेत ओवून केलेली घुंगरं होती. तेलाचा डबा, छत्रीची काडी आणि सायकलच्या ब्रेकची तार यांचं एक एकतारीसारखं वाद्य राव स्वतः वाजवत.

मी खिशातला टेप काढला. सर्वांत लांब पाइप एकशे बत्तीस सेंटिमीटर भरला. तो त्यांचा सा. वरचा सा निम्म्या लांबीचा, म्हणजे सहासष्ट असायला हवा. तो चौसष्ट भरला.

"दोन सेंटिमीटर कमी का?" मी विचारलं.

रावांचा चेहरा उजळला. "सहासष्टावर कापलों तर स्वर उतरतो. पाइपाच्या तोंडाबाहेर थोडा वारा हालतो, त्याचीपण लांबी धरावी लागते. कापून कापून पाहिलों, मग समजलं." हे मला फार आवडलं. माझं सगळं आयुष्य रंगाच्या कारखान्याच्या भांडारात मोजमापं करण्यात गेलं. सोयरीक जमवताना आम्ही पत्रिका पाहिल्या होत्या. टेप घेऊन गेलो असतो तर जास्त लवकर जमलं असतं.

तेवढ्यात कोपऱ्यात उन्हात उभं असलेलं पिंप मला दिसलं.

दोनशे लिटरचं, पोलादी, दोन्ही बुचं घट्ट लावलेली. लेबल खरवडून काढलं होतं, पण चौकोनातल्या ज्वाळेचा लाल तुकडा शिल्लक होता. मी पत्र्यावर हात ठेवला आणि लगेच काढला, इतका तो तापला होता. छोटं बूच फिरवून सैल केलं तर आतून फुस्स करून वारा आला, आणि त्याबरोबर तो वास. तो वास मी झोपेतही ओळखेन. थिनर.

"गिंडीच्या फर्निचर पॉलिशवाल्याकडून मिळालं," राव कौतुकानं म्हणाले. "पत्रा पाहा, कसला जाड. उद्या सेल्वम सर ग्राइंडर घेऊन येतात. वरचं तोंड कापलों कीं असा खालचा नाद मिळतो, कोवलमच्या कार्यक्रमांत लोक विसरणार नाहींत. प्राजक्ता मागून धरते, सेल्वम सर कापतात."

मी एवढंच म्हणालो, "आत थिनर होतं."

"होतं. तीन वेळां साबणानं धुतलों मी. रिकामं आहे, संबंधी."

भरलेल्या पिंपाची मला कधीच फारशी भीती वाटली नाही. रिकाम्याची वाटते. कारखान्यात आमच्याकडे नियम होता: रिकामं पिंप कापायचं नाही, कोणालाही कापायला द्यायचं नाही. याचा हिशेब सोपा आहे. थिनर पेटत नाही, त्याची वाफ पेटते, आणि ती हवेत शेकडा एक-सव्वा भाग असली तरी पुरते. दोनशे लिटरच्या पिंपाला तेवढी वाफ द्यायला दोन चमचे थिनर पुरे. तळाच्या शिवणीत दोन चमचे सहज अडकतात. साबणाचं पाणी तिथे पोचत नाही. वर ऊन. आणि ग्राइंडर म्हणजे ठिणग्यांचा फवारा.

संध्याकाळी प्राजक्ता भाजी चिरत होती तेव्हा मी तिला हे सगळं सांगितलं. तिनं मान वर केली नाही.

"बाबा, आल्यापासून तुम्ही गॅसचा कॉक कितीदा बघितलात?"

"ते वेगळं."

"गीझर वेगळा, लिफ्ट वेगळी. मागे फोनवरून तुम्ही श्रीधरला फ्रिज भिंतीपासून लांब सरकवायला लावलात."

"प्राजू, तू उद्या ते पिंप धरू नकोस."

"सेल्वम सरांनी अशी कितीतरी कापलीत. वॉटर टँकसाठी, झाडांसाठी. काही झालं नाही." मग तिनं सुरी खाली ठेवली आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "नक्की फुटेल?"

"नक्की असं कसं सांगणार? वाफ जास्त झाली तरी पेटत नाही, कमी असली तरी पेटत नाही. मधल्या प्रमाणात असली तर."

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही."

"माहीत नाही, म्हणूनच धरू नकोस."

"माझे सासरे दोन महिने त्या पिंपाच्या शोधात होते," ती म्हणाली. "मी माहेरून आलेल्या माणसाचं ऐकून हात काढून घेऊ? तुम्हीच बोला त्यांच्याशी."

तेच मला जमत नव्हतं. ज्यांच्या घरात आपली मुलगी राहते, त्यांना त्यांच्या गच्चीवर जाऊन चुकीचं ठरवायचं, आणि तेही 'कदाचित' एवढ्याच जोरावर. मी जावयाची वाट पाहिली. तो आला, ऐकलं, "अप्पांना समजतं ते सगळं, वर्कशॉपमध्ये होते ना," म्हणाला आणि हात धुवायला गेला.

सकाळी मी वर गेलो तेव्हा सेल्वम सर आलेच होते. ते याच इमारतीत राहतात. वीज मंडळात होते, आता निवृत्त. अंगानं भरदार, हसतमुख गृहस्थ. त्यांनी पिंप आडवं केलं होतं. ग्राइंडरची वायर पाण्याच्या टाकीजवळच्या प्लगात लावली होती. प्राजक्ता ओढणी कमरेला बांधून पिंपाच्या मागे गुडघ्यांवर बसली होती, दोन्ही हात पत्र्यावर, खांदा टेकवून. तिनं माझ्याकडे पाहायचं टाळलं.

मी म्हणालो, "राव, थोडं थांबा." आवाज मलाच ऐकू आला नाही. पुन्हा म्हणालो. मग वाफेचं प्रमाण सांगितलं, शिवण सांगितली, दोन चमचे सांगितले. राव ते तमिळमध्ये सांगत गेले. सेल्वम सर हसले आणि काहीतरी बोलले.

"काय म्हणाले?"

"म्हणतात, संबंधी इंजिनिअर आहेत का?"

"नाही. भांडारात होतो."

"म्हणतात, त्यांनी दहा-बारा कापली, त्या पिंपांना कोणी दोन चमचे सांगितलं नव्हतं, म्हणून फुटली नसतील." यावर प्राजक्ताही हसली. राव हसले नाहीत, त्यांनी माझा मान ठेवला. माझ्या दंडाला धरून मला बाजूला नेलं आणि हळू विचारलं, "संबंधी, कसाला भिता? खरं सांगा. हें नक्की फुटतं का?"

"नक्की नाही सांगता येत."

"तर मग," ते म्हणाले, अगदी सौजन्यानं, आणि सेल्वम सरांकडे पाहून मान हलवली.

सेल्वम सरांनी चष्मा चढवला. मी बोललो ते ठरवून बोललो नाही.

"मी पाहिलंय," मी म्हणालो.

सगळे थांबले.

"आमच्याच कारखान्यात. असंच पिंप. असंच धुतलेलं."

"काय झालं?" रावांनी विचारलं.

"झाकण उडालं."

"आणि माणूस?"

"गेला."

रावांनी ते तमिळमध्ये सांगितलं. एवढं छोटं वाक्य, तरी सांगताना त्यांना थांबावं लागलं. सेल्वम सरांनी चष्मा काढला, प्लगाजवळ गेले आणि बटण बंद करून वायर उपसली. मग प्राजक्ताजवळ जाऊन तिला हाताला धरून उठवलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. माझे गुडघे थरथरत होते, आणि तसे थरथरताना सगळ्यांना दिसत होते. त्यामुळे माझं खोटं आणखी पक्कं झालं असणार.

कारण ते खोटं होतं. आमच्या कारखान्यात तसं काही घडलेलं नाही. नियम होता, तो पाळला जायचा, म्हणून घडलं नाही.

विहीणबाई कॉफी घेऊन वर आल्या, रावांनी त्यांना सांगितलं, आणि त्यांनी माझ्या हातात पेला देताना डोळे पुसले. "त्यांचं नांव काय?" त्यांनी विचारलं. मी "बाबूराव" म्हणालो. पहिलं सुचलं ते. प्राजक्तानं मान झटकन वळवली. माझ्याबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाचं नाव तिनं लहानपणापासून ऐकलं आहे. बाबूराव तिनं कधी ऐकला नव्हता.

पिंप भंगारवाल्याला द्यायचं म्हणत होते, ते मी होऊ दिलं नाही. तो गॅसनं कापणार. मी म्हणालो, पिंप उभं करा, दोन्ही बुचं काढा आणि काठोकाठ पाणी भरा. नळी लावली. पाणी वर चढत होतं तसतसे राव सायकलच्या ट्यूबची गुंडाळी करून पत्र्यावर ठोके देत राहिले, आणि नाद खाली खाली उतरत गेला. मध्येच ते थांबले, लांब पाइपावर चप्पल मारली, पुन्हा ठोका दिला. "नळी काढा," ते म्हणाले. पिंप पाऊण भरलं होतं आणि पाइपाच्या 'सा'च्या बरोबर एक सप्तक खाली ठाम उभं होतं. त्यांनी पाण्याची खूण मला मोजायला लावली. एकाही ठिणगीशिवाय त्यांना हवं ते मिळालं होतं. ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "हें बाबूरावांनी दिलं." मी टेप गुंडाळून खिशात घातला.

कोवलम

हे कोवलम केरळातलं नव्हे, चेन्नईजवळ ईस्ट कोस्ट रोडवरचं कोळ्यांचं गाव. रंगवलेल्या होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या असतात, जाळी पसरलेली, आणि मासळीचा लिलाव बायकाच पुकारतात. किनारा साफ करणाऱ्या मंडळींनी कार्यक्रम ठेवला होता. आम्ही छोट्या टेम्पोत सामान घालून गेलो. पिंप बरेच दिवस पाण्यानं भरलेलं होतं, निघताना रिकामं केलं, बुचं उघडी ठेवली. तरी टेम्पोवाल्यानं विडी काढली तेव्हा मी त्याच्या हातातून काडेपेटी घेतली आणि मराठीतच त्याला झापलं. तो मुकाट बसला. नंतर कळलं, सेल्वम सरांनी त्याला आधीच सांगितलं होतं की या गृहस्थांचा मित्र गेला आहे.

समुद्राचं पाणी बादल्यांनी आणून पिंप खुणेपर्यंत भरलं. पाइप बांबूंना बांधले. भोवती होडीवाले, मासळीवाल्या, पोरंटोरं जमली. मी पिंपापासून लांब, एका होडीला टेकून उभा राहिलो.

सुरुवात करण्याआधी राव माईकपुढे आले आणि तमिळमध्ये बोलू लागले. मला एकच शब्द कळला, 'बाबूराव.' बोलणं संपल्यावर त्यांनी हात जोडले. सगळा घोळका उभा राहिला. म्हाताऱ्या कोळ्यांनी डोक्याचे टॉवेल काढून खांद्यावर घेतले. लाटांचा तेवढा आवाज होता. मीही हात जोडले. दुसरं काय करणार. जो कधी नव्हता त्याच्यासाठी इतकी माणसं उन्हात उभी आहेत, आणि हे सगळं आपण केलं. पिंप फुटण्याच्या भीतीपेक्षा ही भीती वेगळी होती. तिला वायर नव्हती, की उपसून टाकावी.

मग त्यांनी वाजवलं. चांगलं वाजवलं. पिंपाचा ठोका पायांखालच्या वाळूतून जाणवत होता. प्राजक्ता एक्स-रेच्या डब्यावर होती आणि तिचे हात शाबूत होते, दहाही बोटं. मी ती पाहत होतो.

संपल्यावर एक मासळीवाली माझ्यासमोर आली, टोपली कमरेवर, आणि प्राजक्ताला काहीतरी विचारू लागली.

"काय म्हणते?"

"विचारते आहे," प्राजक्ता माझ्या डोळ्यांत पाहत म्हणाली, "त्यांना मुलं होती का?"

"नाही," मी म्हणालो. "लग्नच झालं नव्हतं." निदान तेवढं तरी मला त्या बाबूरावासाठी करता येत होतं.

प्राजक्तानं ते तसंच सांगितलं. मासळीवालीनं उसासा सोडला आणि दोन सुरमया माझ्या हातात ठेवायला लागली. आमच्या व्याह्यांकडे मासे चालत नाहीत, म्हणून मी त्या घेतल्या नाहीत, आणि तिला ते दुःखामुळे वाटलं.

परतताना टेम्पोत प्राजक्ता माझ्या शेजारी बसली. हळूच म्हणाली, "खरं कोणाला सांगू नका, बाबा. सेल्वम सरांनी भावाच्या वेल्डिंगच्या दुकानात पिंपं कापणं बंद करवलंय."

कोल्हापूर

घरी आल्यावर हे वर्णन लिहायला घेतलं ते वाद्यांसाठी. पाइपांची मापं, एक्स-रे कसा ताणायचा, पिंपात पाणी किती, हे सगळं इथल्या कोणाला उपयोगी पडेल असं वाटलं. बाबूराव वगळून लिहायचा विचार होता. पण परवा रावांचा फोन आला. डिसेंबरात दोघं कोल्हापूरला येणार आहेत. अंबाबाईचं दर्शन घ्यायचं आहे, आणि म्हणाले, "बाबूरावांच्या घरच्यांना एकदां भेटवा. आई असेल, भाऊ असेल. पायां पडून येतों." मी हो म्हटलं. दुसरं सुचलं नाही.

हे छापून आल्यावर प्राजक्ता त्यांना वाचून दाखवेल, ती माझं सगळं वाचून दाखवते. तिला ते नको आहे. ती म्हणते, खरं कळलं की उद्या कोणीतरी पुन्हा ग्राइंडर काढेल. मला तीच भीती आहे, आणि तरी लिहितो आहे, कारण त्या घराचा पत्ता मी कुठून आणणार?

तेव्हा राघवेंद्रराव, बाबूराव नावाचा कोणी नव्हता. त्याची आई नाही, भाऊ नाही. दोन चमचे मात्र खरे आहेत, ते कोणत्याही केमिस्टला विचारा, आणि पिंप कोणाला कापू देऊ नका. त्या सकाळी मी पाहिलं होतं ते एवढंच, की माझी मुलगी त्या पत्र्याला खांदा टेकवून बसली आहे आणि सेल्वम सरांचं बोट बटणावर आहे.